पानांच्या हस्तकलेचा संच : प्रेस उत्तम, वेळापत्रक परदेशी

गोळा केलेल्या पानांपासून हस्तकला करण्याचे तयार संच आता ऑनलाइन दुकानांत सहज मिळतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकला जाणारा असाच एक संच पुण्यातल्या आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीपासून पानगळ संपेपर्यंत वापरात होता. त्याची किंमत हजार-बाराशे रुपयांच्या घरात आहे. खोक्यात पाने वाळवण्याची लाकडी प्रेस, टिपकागद, पन्हळी पुठ्ठे, बोथट टोकाची कात्री, डिंकाची छोटी बाटली, चिकटवायचे डोळे, प्राणिपक्ष्यांची कार्डे आणि एक माहितीपुस्तिका मिळते. यांपैकी पैसे मोजण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे प्रेस. उरलेले सामान कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळेल, आणि पुस्तिका तर आपल्याकडची झाडे न पाहिलेल्या माणसाने लिहिली असावी असे वाटते.

प्रेसची रचना साधी आहे. प्लायवूडच्या दोन चौकोनी फळ्या, चार कोपऱ्यांत चार बोल्ट आणि त्यांवर बोटांनी पिळता येणारे विंग नट. पाच वर्षांच्या मुलाला ते स्वतः आवळता येतात. फक्त एका बाजूचे दोन्ही नट आधी घट्ट न करता समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने आवळायला शिकवावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. जाड पुस्तकात पान ठेवण्याची आपली जुनी पद्धत वाईट नाही, परंतु पुस्तकात ओल बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे पान तपकिरी पडते आणि पुस्तकाच्या पानावरही डाग उठतो. येथे टिपकागद ओल शोषून घेतो आणि पन्हळी पुठ्ठ्याच्या नळ्यांतून हवा खेळती राहते. मात्र पहिले दोन-तीन दिवस टिपकागद रोज बदलावा लागतो. वनस्पतींचे नमुने जतन करणारे लोक नेमके हेच करतात, आणि नेमके हेच पुस्तिकेत लिहिलेले नाही. तिच्यात पाने घालून आठवडाभर विसरून जाण्याचा सल्ला आहे. दमट हवेत तो पाळला, तर हाती बुरशीच येईल.

संचाचा मोठा दोष त्याच्या वेळापत्रकात आहे. ऑक्टोबरमध्ये बाहेर पडा, लालपिवळी पाने वेचा, असे पुस्तिका सांगते आणि चित्रे मेपल व ओक यांची दाखवते. थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागला आणि गारठा वाढला की झाडे पाने टाकतात, त्यामुळे तेथे हा सल्ला बरोबरच आहे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पाऊस नुकताच ओसरलेला असतो आणि झाडे हिरवीगार असतात. येथली पानझडी झाडे मुख्यतः कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी पाने गाळतात, म्हणून या संचाचा खरा हंगाम पौषापासून फाल्गुनापर्यंतचा आहे. दिवाळीत भेट म्हणून तो द्यायला हरकत नाही, पण मुलाला लगेच बागेत नेले तर त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

ऑक्टोबरमध्ये एक सोय मात्र आपल्याकडे आयती असते. दसऱ्याला वाटलेली आपट्याची पाने दुसऱ्या दिवशी घराघरांत पडून असतात. ती प्रेसमध्ये छान वाळतात आणि दोन जुळ्या पाकळ्यांच्या आकारामुळे त्यांचे फुलपाखरू करायला कात्रीही लागत नाही. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. हस्तकलेला तीही चालतात. त्यासाठी मुद्दाम फांदी तोडणे मात्र योग्य नव्हे.

पुढे थंडीत देशी बदामाखाली गडद लाल पाने पडू लागतात. हिरवे द्रव्य ओसरताना पानात अँथोसायनिन हे लाल द्रव्य तयार होते, त्याचा हा रंग. मेपलच्या लालीमागेही हेच द्रव्य असते, आणि पुस्तिकेने नेमका हा दुवा हातचा घालवला आहे. बदामाचे पान या प्रेसमध्ये मावत नाही, ही फळ्यांच्या आकारातली उणीव होय. सागाच्या पानाचा तर प्रश्नच नाही. पिंपळाचे पान मात्र बरोबर बसते. ते पाण्यात काही आठवडे भिजवून, अधूनमधून पाणी बदलून आणि मऊ ब्रशने गर काढून त्याची जाळी केली, तर ती वाळवायला ही प्रेस फारच उपयोगी पडते. भिजवलेल्या पानाला वास येतो, तेव्हा भांडे बाल्कनीत ठेवावे. इतका धीर नसलेल्या लहानग्यांसाठी पानाची उलटी, उठावदार शिरांची बाजू वर ठेवून त्यावर कागद धरावा आणि मेणखडू आडवा फिरवावा. वड, पिंपळ आणि उंबर यांचे ठसे सुरेख येतात.

कार्डांविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्यांवर कोल्ह्याची आणि घुबडाची बाह्यरेषा मेपलच्या पानाच्या मापाने छापली आहे, त्यामुळे आपली पाने तिच्यात बसवताना मुले कंटाळतात. कोऱ्या कार्डशीटवर ती अधिक रमतात. बाटलीतला डिंक पातळ आहे आणि वाळलेले पान त्याने वळते; नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल ब्रशने अगदी पातळ लावणे बरे.

सुरक्षिततेच्या पानावर कात्री आणि डोळ्यांची टिकली गिळण्याचा धोका यांचा उल्लेख आहे, परंतु विषारी वनस्पतींविषयी अवाक्षर नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या संचात हे खपवून घेण्यासारखे नाही. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होते, आणि टेकडीवर थंडीत खाजकुइलीच्या शेंगा हाताशी लोंबत असतात. पाने जमिनीवर पडलेलीच घ्यावीत आणि वेचून झाल्यावर हात धुवावेत, हे पालकांनीच सांगावे लागते. राष्ट्रीय उद्यानातून पानेही उचलू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून परवानगीशिवाय काही नेण्यास बंदी आहे.

टिपकागद लवकर झिजतो आणि त्याचा वेगळा गठ्ठा विक्रेत्याकडे मिळत नाही. त्याऐवजी वर्तमानपत्राचे कागद चालतात, फक्त गुळगुळीत रंगीत पुरवण्या वापरू नयेत, कारण त्या ओल शोषत नाहीत. ओळखीचा सुतार असेल, तर त्याच्याकडून प्लायवूडचे फूटभर लांबीरुंदीचे दोन तुकडे कापून कोपऱ्यांना भोके पाडून घ्यावीत आणि बोल्ट व विंग नट हार्डवेअरच्या दुकानातून आणावेत. त्या प्रेसमध्ये बदामाचे पानही अखंड मावते.