कापड घ्यायचं तर इथे, किनार दाखवून देतात

नाशिकच्या मेन रोडवरून दहीपुलाकडे जाताना गल्लीत आहे हे दुकान. छोटंसंच, पार्किंगचं नावच काढू नका, गाडी लांब लावून चालत या. पण सेल्व्हेज डेनिम, म्हणजे विणतानाच कड पक्की झालेलं जीन्सचं कापड, सुटं मीटरवर हवं असेल तर बिनधास्त जा.

काकांनी थान उलगडलं आणि आधी किनारच हातात दिली. म्हणाले हिला सेल्व्हेज का म्हणतात माहितीय का, सेल्फ आणि एज, म्हणजे कापडाची स्वतःचीच कड, वेगळी शिवलेली नाही. घरी येऊन शोधलं तर खरंच तसंय, इंग्रजीत १५व्या शतकापासूनचा शब्द, डचमधल्या तशाच शब्दावरून घडलाय असं मानतात. आणि कापड बघितलं की अर्थ लगेच कळतो, धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, त्या धोट्याच्या मागावर हा धागा कडेला पोचला की तुटत नाही, वळून परत येतो, त्यामुळे कड उसवतच नाही. आताच्या बिनधोट्याच्या फास्ट मागांवर आडवा धागा प्रत्येक फेरीला कापला जातो म्हणून कडेला झालर सुटते आणि ओव्हरलॉक मारावं लागतं. काकांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून दाखवलं, पांढऱ्या पट्टीत बारीक लाल धागा होता, नखाने ओढला तरी हलला नाही.

मला सगळ्यात आवडलं ते हे की पन्हा लहान असतो हे त्यांनी कापायच्या आधीच सांगितलं. जुन्या मागांचं डेनिम साधारण २८ ते ३२ इंचच रुंद असतं, त्यामुळे जीन्सला नेहमीपेक्षा जास्त मीटर लागतं, आणि हे न सांगता कापड फाडून देणारे दुकानदार मी पाहिलेत, मग टेलर डोक्याला हात लावतो. इथे तसं नाही, उंची विचारली, हिशोब करून दिला, वर सांगितलं की टेलरला किनार बाहेरच्या शिवणीत घ्यायला सांगा, पाय दुमडला की ती दिसते.

भाव कमी नाहीत, घासाघीस फारशी चालत नाही, पण मालात खोट नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात येवल्याची पैठणी होते, काठ बघून साडी पारखायची सवय घरोघरी आहे, तीच नजर शर्ट-पँटच्या कापडालाही लावायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि कापड सॅन्फोराइज्ड, म्हणजे नंतर फार आटू नये म्हणून कारखान्यातच आधी आटवलेलं आहे का ते विचारून घ्या, नसेल तर शिवायला टाकायच्या आधी भिजवून वाळवा, भरपूर आटतं.