इसबाला काय लावावं: खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली की कडुलिंबाचं पाणी?

इसबाच्या त्वचेत ओलावा टिकत नाही. काहींच्या अंगात फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मापासूनच कमी असतं. त्यामुळे त्वचेचा वरचा थर विरळ राहतो, पाणी निसटून जातं आणि साबण, धूळ, घाम सहज आत शिरून खाज उठवतात. म्हणून घरगुती उपाय निवडताना मी दोनच गोष्टी बघते: ओलावा किती धरला जातो आणि त्वचा चुरचुरते का.

घरच्या उपायांत खोबरेल तेलाची बाजू सर्वांत भक्कम आहे. फिलिपिन्समधल्या 117 मुलांवर आठ आठवडे झालेली एक चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात व्हर्जिन खोबरेल लावलेल्या मुलांच्या इसबाची तीव्रता सरासरी 68 टक्क्यांनी उतरली, मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) लावलेल्यांची 38 टक्क्यांनी. पण हे ओल्या नारळाचं, वासरंग न मिसळलेलं तेल. केसांसाठी मिळणारं सुगंधी तेल इसबावर मुळीच लावू नका, सुगंधी द्रव्यांनीच खाज वाढते. थंडीत तेल गोठलं तर बाटली गॅसवर धरायची गरज नाही. तळहातावर खडा घेऊन चोळला की विरघळतो.

पेट्रोलियम जेली नैसर्गिक म्हणावी अशी नाही, तरी ती मी या यादीतून काढणार नाही. पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही, ती स्वस्त आहे आणि तिची ॲलर्जी क्वचितच होते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत किंवा भांडी घासून हाताला भेगा पडल्या असतील तर माझं मत जेलीलाच: रात्री जाड थर द्यायचा आणि वर सुती हातमोजे. मात्र मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात ती अंगभर फासली की घाम कोंडतो, घामोळं येतं आणि मूल रात्रभर खाजवत बसतं. तिथे खोबरेल बरं. एक जपा: तेल-जेली मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, तेव्हा समई आणि गॅसपासून लांब राहा.

कडुलिंबाच्या पाण्याबद्दल माझा उत्साह कमी आहे. ते कढत असेल तर नुकसानच, कारण गरम पाण्याने त्वचा आणखी सुकते. कोमट पाण्यात पाला घालून आंघोळ केली आणि बरं वाटलं तर करा, पण त्यानंतर तेल लावावंच लागतं. कडुलिंबाचं तेल मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका, ते विषारी ठरू शकतं. साधे ओट्स मिक्सरमधून अगदी बारीक करून कोमट पाण्यात दुधासारखे मिसळले तर मोठ्या माणसांची खाज छान शमते. तान्ह्या बाळाच्या चिरलेल्या त्वचेवर मात्र ओट्स, बेसन, दूध असं काही नको. खाण्याचे पदार्थ तिथून आत गेले तर त्यांची ॲलर्जी जडू शकते. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल, खरखरीत उटणं हे सरळ बाजूला ठेवा.

काय लावता याइतकंच कधी लावता हेही महत्त्वाचं. पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकायची, पंचाने अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि त्वचा ओलसर असतानाच तेल किंवा जेली वरून खाली, केसांच्या दिशेने लावायची. बोटभर घेऊन भागत नाही. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो मलम लागतं. इंग्लंडमध्ये 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची तुलना झाली, तिचा निष्कर्ष 2022 मध्ये आला: चौघांच्या परिणामात फारसा फरक नाही. त्यामुळे तेल आणि जेली दोन्ही चालत असतील तर मूल जे कुरकुर न करता लावू देतं ते घ्या.

हे सगळं कोरड्या, खाजऱ्या इसबासाठी. लस येऊ लागली, पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला किंवा दुखरे फोड एकदम उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. गोल, कडेने पसरत जाणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो, आणि त्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली तर तो तात्पुरता फिका पडून आणखी पसरतो.