स्वयंपाकघराच्या डॅडोची टाइल: एक दुकान, चार नमुने आणि १४ महिन्यांचा वापर

ओट्यामागच्या भिंतीवर जो टाइल्सचा पट्टा बसवतात, त्याला मासिकांतून आणि आंतरसजावटकारांच्या तोंडून हल्ली ‘बॅकस्प्लॅश’ हा शब्द ऐकू येतो. दुकानात आणि गवंड्याशी बोलताना मात्र ‘डॅडो’ म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. पुण्यातील आमच्या जुन्या सदनिकेचे स्वयंपाकघर गेल्या वर्षी नव्याने केले, तेव्हा सातारा रस्त्यावरील एका मोठ्या टाइल्सच्या दुकानातून या डॅडोसाठी खरेदी केली. त्या दुकानाचे आणि तिथून आणलेल्या टाइलचे हे परीक्षण १४ महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे. निवडीसाठी दुकानाने केलेली मदत उत्तम होती, माल पोहोचवण्यात ढिसाळपणा होता आणि टाइल मी पुन्हा घेईन. मात्र डॅडोची निवड म्हणजे नक्षीची निवड, असे समजून मी दुकानात गेले होते, आणि प्रत्यक्षात भिंतीचे बरेवाईट ठरले ते दोन टाइल्समधल्या सांध्याने.

आमचा ओटा इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा आहे. गॅसची बाजू १० फूट, सिंक आणि मिक्सरची बाजू ६ फूट, आणि ओट्यापासून वरच्या कपाटांपर्यंतची उंची २ फूट. म्हणजे एकूण ३२ चौरस फूट भिंत. एवढ्याशा भिंतीसाठी दुकानात दोन मजले भरून टाइल्स मांडल्या होत्या. तिथल्या विक्रेत्याने प्रथम आम्हाला सवयीने ‘लाइट, डार्क आणि हायलायटर’ या रचनेकडे नेले: खाली गडद, वर फिकट आणि मधूनमधून कपबशी, स्ट्रॉबेरी किंवा कॉफीच्या बिया छापलेली टाइल. ही रचना अजूनही मोठ्या प्रमाणावर खपते, असे त्याने सांगितले. ती नाकारल्यावर त्याने तितक्याच उत्साहाने मोरोक्कन धाटणीची नक्षी दाखवली आणि तिच्याशेजारी निळ्या-पांढऱ्या रंगातील, पोर्तुगीज वळणाची म्हणून विकली जाणारी टाइल ठेवली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील रंगवलेल्या आझुलेजो फरशा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही डिजिटल छपाई थोडी निर्जीव वाटेल, मलाही वाटली. तरीही ती नापसंत करण्याचे माझे कारण वेगळे होते. ३२ चौरस फुटांच्या पट्ट्यात आमच्याकडे विजेचे पाच बोर्ड येतात, आणि जिची नक्षी चार टाइल्स मिळून पूर्ण होते ती रचना प्रत्येक बोर्डापाशी तुटते. दुकानातल्या नमुन्याच्या भिंतीवर एकही बोर्ड नसतो.

या दुकानाची सर्वांत मोलाची सेवा म्हणजे ५०० रुपये अनामत घेऊन ते चार टाइल्स घरी नेऊ देतात. दुकानातील छतावरून पडणाऱ्या प्रखर पांढऱ्या उजेडात प्रत्येक टाइल देखणी दिसते. आमच्या उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात त्याच टाइल्सचे चेहरे पार बदलले. मी चकचकीत मोतिया, खरखरीत पृष्ठभागाची राखाडी मॅट, मोरोक्कन नक्षीची आणि कडा उतरत्या असलेली ३ बाय ६ इंचांची ‘सबवे’, अशा चार टाइल्स आठ दिवस गॅसमागे टेकवून ठेवल्या आणि नेहमीचा स्वयंपाक केला. फोडणीचे शिंतोडे, वरणाचा उतू गेलेला फेस आणि एकदा मुद्दाम उघडी तळलेली भजी, एवढे सगळे त्यांच्यावर उडाले. चकचकीत टाइल कोमट पाण्याच्या फडक्याने एका हातात स्वच्छ झाली. राखाडी मॅट टाइल पहिल्या दिवशी सर्वांत सुंदर दिसत होती, पण तिच्या बारीक खाचांत तेल बसले, त्या तेलावर कणकेची धूळ बसली, आणि आठव्या दिवशी ब्रश घ्यावा लागला. सर्वच मॅट टाइल्स अशा नसतात. गुळगुळीत, रेशमी झाक असलेली मॅट बरीच सोयीची पडते. बोटाचे नख टाइलवरून फिरवून पाहावे, ते अडखळले तर फडकेही अडखळणार. चकचकीत टाइलचा दोष मात्र रात्री कळला: कपाटाखालच्या दिव्यांची पट्टी तिच्यात जशीच्या तशी उमटते आणि उभे राहून भाजी चिरताना डोळ्यांत येते. आम्ही पट्टी पुढच्या कडेला सरकवून तिच्यावर दुधी झाकण बसवले.

सबवे टाइल १९०४ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवरून ओळखली जाते, आणि भिंत धुवून काढण्यासारखी असावी हा तिथला हेतू स्वयंपाकघरालाही लागू पडतो, म्हणून माझा ओढा तिच्याकडे होता. मग कागदावर हिशेब केला. आमच्या भिंतीवर ३ बाय ६ इंचांची टाइल लावली असती, तर आडवे-उभे मिळून सुमारे १७५ फूट सांधे झाले असते. १२ बाय २४ इंचांची टाइल आडवी लावल्यास तेच सांधे ३० फुटांवर येतात. हा आकडा पाहिल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “पावणेदोनशे फूट तूच घासणार असशील तर लाव.” सबवेचा विषय तिथे संपला. विक्रेत्याने २ बाय ४ फुटांची व्हिट्रिफाइड टाइल सुचवली होती, तिने सांधे आणखी कमी झाले असते. पण आमच्या जुन्या भिंतीचा गिलावा ओळंब्यात नव्हता, आणि एवढी मोठी टाइल अशा भिंतीवर टेकत नाही, तरंगते. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्यामुळे नुसत्या सिमेंटवर नीट धरत नाही, तिला चिकटद्रव्य लागते. साध्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते, सिमेंटवर लावण्याआधी ती बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवावी लागते. डॅडोवर पाय पडत नाही, वजन येत नाही. तिथे सिरॅमिक पुरेशी आहे, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले, याचे मला कौतुक वाटले, कारण महाग माल खपवण्याची संधी तो सोडत होता.

मागून रंगवलेल्या काचेचा विचार आम्ही केला होता. तिच्यात सांधा जवळपास नसतो. पण गॅसमागे टफन केलेलीच, म्हणजे तापवून मजबूत केलेलीच काच हवी आणि एकदा टफन झाल्यावर तिला छिद्र पाडता येत नाही, त्यामुळे पाचही बोर्डांची मापे आधी बिनचूक द्यावी लागतात. ओट्याच्याच ग्रॅनाइटचा पट्टा वर चढवणे हा पर्याय टिकाऊ आहे, मात्र आमच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो नको होता. संगमरवराकडे मी पाहिलेही नाही, कारण लिंबू, चिंच आणि कोकम ज्या घरात रोज लागतात तिथे तो पहिल्या महिन्यातच डागाळतो.

अखेर १२ बाय २४ इंचांची मोतिया चकचकीत टाइल, कर धरून ५२ रुपये चौरस फूट, अशी ठरली. भिंतीला १६ टाइल्स लागत होत्या. पेटीत ५ येतात, म्हणून ४ पेट्या मागवल्या. दुकानाचा ढिसाळपणा इथे आला. प्रत्येक पेटीवर शेड आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, कारण भट्टीच्या प्रत्येक खेपेत रंगात किंचित फरक पडतो. आमच्या तीन पेट्या एका बॅचच्या होत्या आणि चौथी निराळी. मी पावती जुळवून पाहिली होती, क्रमांक नव्हे. चूक मिस्त्रींच्या ध्यानात आली. “वहिनी, ही पेटी पिवळी मारतेय,” असे म्हणून त्यांनी दोन टाइल्स खिडकीशी नेऊन शेजारी धरल्या, तेव्हा मलाही ती झाक दिसली. एकसारख्या टाइल्स १५ उरल्या आणि हव्या होत्या १६. दुकानात फोन केल्यावर पहिले उत्तर “ताई, जॉइंट भरल्यावर कळणार नाही” असे मिळाले, जे कोणत्याही दुकानाने देऊ नये. मालकांशी बोलल्यानंतर मात्र चारही पेट्या एका बॅचच्या बदलून मिळाल्या. त्यात नऊ दिवस गेले, टेम्पोचे ६०० रुपये आमच्याकडून घेतले गेले आणि मिस्त्रींचे दोन रोज फुकट गेले.

सांध्यांबाबत चूक माझी आहे. मिस्त्री पांढऱ्या सिमेंटच्या बाजूचे होते; इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचे राळेचे मिश्रण, लवकर घट्ट होते, थोडे थोडे कालवावे लागते, टाइलवर राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर निघत नाही, आणि मजुरी वाढते, ही त्यांची तक्रार रास्त होती. मी तडजोड केली: गॅसच्या बाजूला इपॉक्सी आणि सिंकच्या बाजूला पांढरे सिमेंट. शिंतोडे गॅसमागे उडतात, असा माझा तर्क होता. पण वाटण होते ते सिंकच्या बाजूला, मिक्सरवर. आज गॅसमागचे सांधे बसवले त्या दिवसासारखे आहेत आणि मिक्सरमागचा सांधा हळदीने पिवळा पडला आहे. सिमेंट सच्छिद्र असते आणि हळदीचा रंग तेलातून त्याच्यात खोल मुरतो. कपडे धुण्याच्या पावडरीने तो घासला, तर लालसर झाला. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार, कारण क्षार लागला की हळद लाल होते. लिंबू किंवा व्हिनेगर चोळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण आम्ल सिमेंटलाच खाते. त्यातल्या त्यात, खिडकीलगतच्या हातभर सांध्यावरचा पिवळेपणा उजेडाने फिका होत जातो. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथेही सिमेंट भरले होते, त्याला सहा महिन्यांत केसाएवढी चीर गेली. तिथे सिलिकॉन हवे होते, ते नंतर भरून घेतले.

टाइलवर १४ महिन्यांत ओरखडा नाही, डाग नाही, आणि कुकरच्या वाफेने ती कुठे सुटलेली नाही, टकटक केल्यावर पोकळ आवाज येत नाही. दुकानाला पाचपैकी साडेतीन गुण देते; अर्धा गुण घरी नेऊ दिलेल्या नमुन्यांचा, तो नसता तर तीनच दिले असते. उरलेल्या टाइल्स पेटीवरच्या क्रमांकासकट माळ्यावर ठेवल्या आहेत. न्हाणीघरासाठी पुढच्या महिन्यात याच दुकानात जाणार आहे. यावेळी टेम्पोतून पेटी उतरवण्याआधी प्रत्येक क्रमांक मिस्त्री वाचतील आणि मी लिहून घेईन, असे आमचे ठरले आहे.