जुनं होमबिल्ट विमान पुन्हा उडवताना: डीएआरच्या तपासणीचे पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अमेरिकेत वर्षानुवर्षं हँगरमध्ये धूळ खात पडलेलं कुणाचं तरी होमबिल्ट (हौशी माणसाने स्वतः बांधलेलं) विमान स्वस्तात घ्यायचं, ते पार उघडून पुन्हा उभं करायचं आणि शेवटी ‘आता पास कोण करणार?’ म्हणत डीएआर शोधायला लागायचं, असा बहुतेकांचा क्रम असतो. खरं तर सुरुवात कागदांपासून करायला हवी. पुष्कळदा या सेवेची गरजच नसते. जिथे असते, तिथेही ती नेमकी कशासाठी आहे हे माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच बाबतीत निर्धास्त होतात.

डीएआर म्हणजे एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, अधिकार देऊन नेमलेला खासगी प्रतिनिधी. तो येतो, कागद पाहतो, विमान पाहतो आणि समाधान झालं तर तिथेच एअरवर्दीनेस (उड्डाणयोग्यतेचं) सर्टिफिकेट लिहून देतो. फी तो स्वतः ठरवतो: साधारण काही शे डॉलर, वर प्रवासखर्च. एफएएचा सरकारी इन्स्पेक्टर आला तर फी लागत नाही, पण तो तुम्हाला हव्या त्या महिन्यात मिळेलच असं नाही. होमबिल्टसाठी डीएआरकडे फंक्शन कोड ४६, म्हणजे या प्रकारची विमानं पास करण्याचा अधिकार, असावा लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. फोनवर पहिलं हेच विचारा.

आता गरज कधी नसते ते बघू. विमान पूर्वी रीतसर उडलेलं असेल, तर त्याचं गुलाबी सर्टिफिकेट (फॉर्म ८१३०-७) बहुधा बेमुदत असतं. मालक बदलला, विमान वीस वर्षं उडलं नाही, तरी एवढ्यावरून ते रद्द होत नाही. सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख छापली आहे का एवढं तपासा. जुन्या काही सर्टिफिकेटांवर असते. तारीख नसेल, रजिस्ट्रेशन चालू असेल आणि सोबतची ऑपरेटिंग लिमिटेशन्सची (विमान कोणत्या अटींवर उडवायचं त्याची) पानं हातात असतील, तर तुम्हाला लागते ती फक्त कंडिशन इन्स्पेक्शन. ती दर बारा महिन्यांनी करावी लागते. सही ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांचा परवानाधारक) मेकॅनिकची चालते, त्याच्याकडे आयए हा वरचा तपासणी-अधिकार असण्याची गरज नाही. डीएआरला देणार होता ते पैसे इथेच वाचले.

घोडं अडतं ते लिमिटेशन्सच्या पानांवर. ही पानं सर्टिफिकेटचाच भाग आहेत. ती हरवली असतील तर नुसतं गुलाबी कार्ड घेऊन उडता येत नाही. ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून विमानाची सगळी फाइल मागवा, किरकोळ शुल्कात मिळते. बहुतेकदा त्यात जुन्या पानांची प्रत सापडते आणि तिच्या आधारे एफएएकडून नवी मागता येतात. फाइल आली की बिल ऑफ सेलची साखळीही जुळवून घ्या. अधल्यामधल्या मालकाने विमान नावावर न करताच पुढे विकलेलं असेल, तर तुमचा रजिस्ट्रेशनचा अर्ज (फॉर्म ८०५०-१, शुल्क अवघे ५ डॉलर) परत येतो आणि मग त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना शोधत बसावं लागतं. हे काम विमान विकत घेण्याआधीचं आहे.

डीएआर खरोखर लागतो तो मुख्यतः दोन प्रकारच्या विमानांना: जे कधीच सर्टिफाय झालं नाही त्याला, आणि ज्याचं सर्टिफिकेट परत केलं गेलं किंवा रद्द झालं त्याला. तिसरं कारण ऐच्छिक आहे. जुन्या लिमिटेशन्स इतक्या जाचक असतात की प्रत्येक मोठ्या बदलासाठी एफएएची पायरी चढावी लागते. अशा वेळी नव्या पद्धतीच्या लिमिटेशन्स मागून घेणं पैसे देण्यासारखं आहे. नव्या मसुद्यात इंजिन बदललं, फिक्स्ड पिचच्या (पात्यांचा कोन कायम असलेल्या) जागी कॉन्स्टंट स्पीड (कोन आपोआप बदलणारा) प्रॉपेलर लावला, तरी नवीन सर्टिफिकेट लागत नाही. स्थानिक एफएए ऑफिसकडून चाचणीच्या हद्दीला होकार घ्यायचा, विमान पुन्हा फेज वनमध्ये, म्हणजे चाचणी-उड्डाणांच्या टप्प्यात, टाकायचं, निदान ५ तास उडवायचं आणि लॉगबुकात नोंद करायची.

अर्धवट प्रोजेक्ट विकत घेतलं असेल तर सगळं घोंगडं ५१ टक्क्यांच्या नियमाखाली अडकतं. विमानाचा मोठा हिस्सा हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला पाहिजे. बांधणारे एकाहून जास्त असले तरी चालतात, पण पुरावा सगळ्यांच्या कामाचा लागतो: बिल्डर्स लॉग, काम चालू असतानाचे फोटो, किटच्या आणि सामानाच्या पावत्या. पहिल्या बांधणाऱ्याच्या घरच्यांकडून विमान उचलताना माळ्यावरचं ते फोटोंचं खोकं आधी गाडीत टाका. ते नसेल तर डीएआर कितीही भला असला तरी अमॅच्युअर-बिल्ट म्हणून सही करू शकत नाही. मग एक्झिबिशन (प्रदर्शनासाठीचं विमान) हा प्रकार उरतो आणि त्याच्या अटींमध्ये दर वर्षी कार्यक्रमांची यादी देत बसावं लागतं. दुसऱ्या विमानावरून काढलेले तयार पंख किंवा शेपूट लावली असेल, तर तो भाग ५१ टक्क्यांत तुमच्या बाजूने धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गैरसमज. विकत घेतलेल्या, आधीच सर्टिफाय झालेल्या विमानाचं रिपेअरमन सर्टिफिकेट (वार्षिक तपासणीवर स्वतः सही करण्याचा परवाना) नव्या मालकाला मिळत नाही. ते मूळ बांधणाऱ्याचं. दुरुस्ती मात्र स्वतः करता येते, वार्षिक सही तेवढी सहसा बाहेरून घ्यायची.

प्रत्यक्ष तपासणीसाठी उदाहरण म्हणून व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-४ हे किट विमान धरू: लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, १६० हॉर्सपॉवर, फिक्स्ड पिच प्रॉपेलर. बहुतेक तपासण्या विमानापाशी पोचण्याआधी टेबलावरच अडतात. रजिस्ट्रेशनवर मॉडेल ‘आरव्ही-४’, डेटा प्लेटवर मधली रेघ गायब आणि अर्जात बांधणाऱ्याचं नाव आडनावापासून सुरू, एवढ्यावर भेट वाया जाऊ शकते. मॉडेल, सिरियल नंबर आणि बांधणाऱ्याचं नाव तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकसारखं हवं. डेटा प्लेट आगीत टिकणारी हवी, स्टेनलेसची उत्तम, आणि बाहेरून दिसेल अशी: सर्वांत मागच्या दाराच्या मागे किंवा शेपटीजवळ. एन-नंबरची (नोंदणी क्रमांकाची) अक्षरं ३ इंची चालतात, कारण या विमानाचा कमाल क्रूझ वेग १८० नॉट्सच्या आत आहे. त्याहून वेगवान विमानाला १२ इंची लागतात. कॉकपिटच्या दाराशी ‘एक्सपरिमेंटल’ हा शब्द २ ते ६ इंच उंचीचा, आणि विमान हौशी बांधणीचं आहे अशी सूचना प्रवाशाला वाचता येईल अशा जागी. वजनाचा तक्ता आजचा हवा. वीस वर्षांपूर्वीच्या तक्त्यात नवा रंग, नवी बॅटरी आणि नवा रेडिओ धरलेला नसतो. डीएआर येण्याआधी लॉगबुकात आणखी एक नोंद लागते: एफएएच्या देखभाल नियमांतल्या पार्ट ४३च्या अपेंडिक्स डीच्या व्याप्तीनुसार विमान तपासलं आणि सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळलं. ही नोंद नसेल तर पुढे काही घडत नाही.

मग विमान. काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उतरवलेलं, सीट आणि फ्लोअर काढलेले, सगळी इन्स्पेक्शन पॅनेल्स उघडी. ‘लागलं तर उघडू’ म्हणाल तर भेट पुढे ढकलली जाते. डीएआरचे डोळे आधी कंट्रोल्सच्या सांध्यांवर जातात. फिरणाऱ्या सांध्यावर नायलॉनचा नट दिसला की थांबला. तिथे कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यात कॉटर पिनच हवी. रॉड एंडच्या (कंट्रोलच्या दांड्याच्या बेअरिंग असलेल्या टोकाच्या) बाहेरच्या बाजूला मोठा एएन-९७० वॉशर आहे का ते पाहतात, म्हणजे बेअरिंग सुटलं तरी दांडा बोल्टवरून निसटत नाही. जुन्या विमानांत हा वॉशर मधल्या कुठल्या तरी दुरुस्तीत हरवलेला असतो. टॉर्क (नट कसण्याचा जोर) अंदाजाने नको: एएन-३ बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, एएन-४ला ५० ते ७०, आणि नट लॉकिंगचा असेल तर तो नुसता फिरवायला लागणारा जोर त्यात मिळवायचा. कसून झाल्यावर नट आणि बोल्टवर टॉर्क सीलचा (खुणेच्या रंगाचा) ठिपका द्या. नट सैल झाला का, याचं उत्तर पुढच्या वर्षी तोच ठिपका तुम्हाला देईल.

पेट्रोलची बाजू जास्त धोक्याची. जुन्या आरव्हींच्या टाक्यांत आतून स्लॉश नावाचा सीलंट ओतायची पद्धत होती. तो वर्षांनी पापुद्र्यांनी सुटतो आणि फिल्टर बंद करतो. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून टाकी स्वच्छ असं धरू नका. ॲक्सेस प्लेट काढून आत आरसा घाला. रबरी होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो, वय झालं असेल तर सरसकट बदला. फ्यूएल फ्लोची चाचणी कुणी मागो न मागो, कराच. हिशेब सोपा आहे. दर हॉर्सपॉवरला ताशी ०.५५ पाउंड पेट्रोल धरायचं: १६० गुणिले ०.५५ म्हणजे ताशी ८८ पाउंड. पेट्रोल गॅलनला ६ पाउंड धरलं तर ताशी जवळजवळ १४.७ गॅलन. पंपाने पुरवठा असेल तर याच्या १२५ टक्के, म्हणजे ताशी साधारण १८.३ गॅलन, नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या विमानाला १५० टक्के. विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचला, कार्ब्युरेटरची लाइन सोडून मोजपात्रात घाला, घड्याळ लावा. आमच्या आरव्हीत एक गॅलन सव्वातीन मिनिटांच्या आसपास भरला पाहिजे. टाकीत पेट्रोल कमी असताना करा, भरल्या टाकीचा आकडा फसवा असतो.

इंजिनाबाबत डीएआर फारसं खोलात जात नाही, आणि इथेच लोकांचा गैरसमज महागात पडतो. लायकॉमिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो आणि गंजाचे खड्डे पडतात. कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती धरतो त्याची चाचणी) ८० पैकी ७६, म्हणजे उत्तम, आलं तरी कॅम खराब असू शकतो, आणि मग थोड्याच तासांत ऑइल फिल्टरमध्ये धातूचा चुरा दिसतो. खात्री हवी असेल तर एक सिलिंडर काढून बघा. फिक्स्ड पिच प्रॉपेलर असलेल्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या पोकळ टोकाच्या आतही गंज धरतो. त्याबद्दल १९९८चा एडी (एफएएचा सुरक्षिततेसाठीचा सक्तीचा आदेश) आहे. एक्सपरिमेंटल विमानाला एडी लागू होतात का, यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. वाद घातल्याने गंज जात नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: डीएआरची भेट ही गाडीच्या आरटीओ पासिंगसारखी समजा. कायद्याने लागते, चांगला माणूस दोन-चार चुका पकडतोही, पण दोन-तीन तासांत कुणी तुमचं विमान ओळखत नाही. खरी तपासणी त्या मॉडेलची माहिती असलेला ए अँड पी करतो. त्याच्यावर खर्च करा, दिवस दोन लागले तरी. त्याच्याही आधी ईएए या होमबिल्टवाल्यांच्या संघटनेचा टेक्निकल काउन्सेलर बोलवा. हे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, लॉगबुकात सही करत नाहीत, पण कव्हर बंद करण्याआधी त्यांनी नजर टाकलेली फार उपयोगी पडते. तिन्ही सेवांत फुकटची ही सर्वांत कमी वापरली जाते, याचं नवल वाटतं.

आपल्याकडे हा मार्ग किती अंधारातून काढावा लागला, ते कांदिवलीच्या चारकोपला गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. २०१६च्या मेक इन इंडियात विमान लोकांनी पाहिलं आणि नोंदणी व्हायला २०१७चा नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेतले फॉर्म कंटाळवाणे आहेत, पण पुढचा फॉर्म कोणता हे आधीपासून ठाऊक असतं. ही सोय लहान नाही.

सर्टिफिकेट हातात पडलं की डीएआरला दारापर्यंत सोडण्याआधी लिमिटेशन्सची पानं ओळीने वाचा. फेज वनचे तास तपासा: इंजिन-प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५, नसेल तर ४०. ओ-३२०वर प्रमाणित नसलेला प्रॉपेलर लावलात तर ४० धरून चला. चाचणीची हद्द तुमच्या अर्जासोबतच्या पत्रावरूनच लिहिली जाते, तेव्हा पत्रातच लांब धावपट्टीचा दुसरा विमानतळ आत येईल असं वर्तुळ मागा. चूक तिथेच दुरुस्त होते, नंतर तीच चूक आठवडे खाते. आणि तुमच्या विमानतळावर आणखी कुणाचं विमान तयार होत असेल तर दोघांनी मिळून एकच तारीख घ्या. डीएआरचा प्रवासखर्च निम्मा होतो.