सीपॅपवरून बायपॅपवर: एअरकर्व्ह १० व्हीऑटो वापरायला घेताना

झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्यांना (स्लीप ॲप्निया) मास्कमधून एकसारखा हवेचा दाब देणारं यंत्र म्हणजे सीपॅप, आणि श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणारं ते बायपॅप. वर्षानुवर्षं सीपॅप लावणाऱ्याच्या उशाशी बायपॅप आलं की पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी बहुधा दोनच प्रकारच्या असतात. "यंत्र माझ्याआधीच श्वास घेतंय" ही एक, आणि "श्वास पुरा व्हायच्या आत हवा काढून घेतंय" ही दुसरी. दोन्ही तक्रारी वेळेच्या आहेत. तरी यंत्र देणारा माणूस ते ऐकून दाब कमी करतो, इथेच गाडी घसरते. रेसमेड कंपनीच्या एअरकर्व्ह १० व्हीऑटो या बायपॅप यंत्राचं हे परीक्षण त्या वेळेच्या हिशेबावर जास्त आहे, कारण यंत्र मुळात चांगलं आहे आणि बिघडते ती बहुतेकदा त्याची जुळणी.

सीपॅपमध्ये रात्रभर एकच दाब घशाला आतून आधार देतो. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी हा उपचार मांडला, त्याचा गाभा आजही तोच आहे. अडचण येते उच्छ्वासात. १४-१५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाविरुद्ध श्वास सोडणं काहींना भिंतीवर फुंकर मारल्यासारखं वाटतं. रेसमेडच्या सीपॅपमधली ईपीआर सोय उच्छ्वासाचा दाब जास्तीत जास्त ३ सेंटिमीटरने खाली आणते. व्हीऑटोमध्ये तो फरक ० ते १० पर्यंत ठेवता येतो. श्वास घेतानाचा दाब म्हणजे आयपॅप, सोडतानाचा ईपॅप, आणि दोहोंतला फरक म्हणजे प्रेशर सपोर्ट, थोडक्यात पीएस. व्हीऑटो प्रकारात यंत्र हा फरक कायम ठेवून दोन्ही दाब एकत्र वर-खाली करतं. ईपॅप ४ च्या खाली जात नाही, आयपॅप २५ च्या वर जात नाही.

घसा बंद पडू न देण्याचं काम मुख्यतः ईपॅपचं, हे पक्कं डोक्यात ठेवावं. पीएसमुळे उथळ श्वास भरदार होतो, आखडलेला प्रवाह सुधारतो. पण ईपॅप अपुरा असेल तर पीएस कितीही वाढवला तरी पूर्ण अडथळे सुटत नाहीत.

म्हणूनच यंत्र कारखान्यातल्या मांडणीवर, म्हणजे किमान ईपॅप ४, कमाल आयपॅप २५, पीएस ४ अशा मोकळ्या पट्ट्यात सोडून देणं ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ज्याला सीपॅपवर १३ लागत होते, त्याची रात्र ४ आणि ८ वर सुरू होते. यंत्र अडथळे ओळखून हळूहळू चढतं, पण तोवर घसा अनेकदा मिटलेला असतो. पहाटे दाब २० च्या पुढे गेला की मास्क फुरफुरायला लागतो. यापेक्षा सुरुवात जुन्या अनुभवावरून करावी. सीपॅप १३ आणि ईपीआर ३ असेल तर माणूस प्रत्यक्षात १३ वर श्वास घेत होता आणि १० वर सोडत होता. बायपॅपवर ईपॅप १० आणि पीएस ३ ठेवलं की शरीराला जवळपास तेच घर मिळतं. तिथून पीएस ४, मग ५ असं चढावं, आणि कमाल आयपॅप १७-१८ वर अडवावा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, खरे आकडे झोपेच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. पण "माझ्या जुन्या यंत्रावर ईपीआर किती होतं ते धरलं का?" एवढं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आता वेळ. यंत्राला रोज रात्री हजारो वेळा दोन निर्णय घ्यावे लागतात: श्वास सुरू झाला का, आणि संपला का. पहिल्याला ट्रिगर म्हणतात, दुसऱ्याला सायकल. दोन्हींच्या पाच पायऱ्या आहेत, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत, आणि मूळ मांडणी मध्यम असते. त्यांच्या जोडीला टीआय मॅक्स ही मर्यादा असते: आयपॅप जास्तीत जास्त किती सेकंद टिकेल. ती मुळात २ सेकंदांवर असते.

मिनिटाला १५ श्वास घेणाऱ्याचा एक फेरा ४ सेकंदांचा होतो. त्यात श्वास आत घ्यायला साधारण दीड सेकंद, उरलेला वेळ सोडायला. अशा माणसाला २ सेकंदांची मर्यादा कधी जाणवतही नाही. पण मिनिटाला १० श्वास घेणाऱ्याचा आत घेण्याचा वेळ सहज सव्वादोन सेकंदांवर जातो. त्याचा श्वास रोज रात्री मध्येच तुटतो, दाब पडतो, आणि तो म्हणतो की हवा पुरत नाही. दाब वाढवून हे सुटत नाही. टीआय मॅक्स अडीच किंवा ३ सेकंद केल्यावर सुटतं. याउलट दम्यासारख्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) त्रासात फुप्फुसं रिकामी व्हायला वेळ लागतो. तिथे आयपॅप लवकर संपलेला बरा, म्हणजे सायकल वरच्या पायरीवर आणि टीआय मॅक्स आखूड.

मास्कमधून हवा गळत असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. श्वास संपत आला हे यंत्र प्रवाह ओसरण्यावरून ओळखतं. गळतीमुळे प्रवाह ओसरल्याचं त्याला दिसतच नाही, आणि ते टीआय मॅक्स संपेपर्यंत हवा रेटत राहतं. माणूस सोडतोय आणि यंत्र भरतंय, अशी झुंज लागते. ट्रिगर फार वर असेल तर नळीतल्या पाण्याच्या हेलकाव्यालाही यंत्र श्वास समजून बसतं. म्हणून वेळेची मांडणी बदलण्याआधी गळती आणि नळीतलं पाणी तपासायचं, हा क्रम सोडू नये.

या मांडण्या तंत्रज्ञासाठी राखलेल्या मेनूत असतात. त्यामुळे त्याला नेमकं काय सांगायचं हे माहीत असलेलं बरं. "गुदमरतं" एवढ्याने काही कळत नाही. "श्वास घेताना शेवटी दाब अचानक पडतो" म्हटलं की टीआय मॅक्स किंवा सायकल तपासली जाईल. "सोडायला सुरुवात केली तरी हवा येत राहते" म्हटलं की गळती आणि मग सायकल. "श्वास ओढावा लागतो, मग यंत्र येतं" म्हटलं की ट्रिगर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीन-चार रात्री तशीच ठेवावी. दिवसा बसून, काही वाचताना अर्धा तास मास्क लावण्याचा सराव जरूर करावा, पण पहिल्या दहा मिनिटांवरून निकाल देऊ नये. श्वासाकडे लक्ष असलं की कोणाचाच श्वास नेहमीसारखा चालत नाही.

मास्कबद्दल एक वेगळी गोष्ट आहे. बायपॅपवर मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ उशी दर श्वासाला थोडी फुगते आणि बसते, त्यामुळे सीपॅपवर नीट बसणारा मास्कही इथे सरकतो. पट्टे आवळणं हा उलटा उपाय, कारण उशी चपटी झाली की तिचा काठ हवा धरत नाही. आडवं होऊन, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, 'माय ऑप्शन्स'मधली 'रन मास्क फिट' चाचणी चालवावी आणि दाबाखालीच पट्टे सारखे करावेत. त्याच मेनूत मास्कचा प्रकार (नाकपुड्यांत बसणारा पिलोज, नाकावरचा नेझल, नाक-तोंड झाकणारा फुल फेस) बरोबर निवडलाय का तेही पाहावं, कारण मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवा किती, याचा अंदाज यंत्र त्यावरून करतं. मिनिटाला २४ लिटरपेक्षा जास्त गळती असेल तर अहवालातल्या बाकी आकड्यांवर फार विसंबू नये. चेहऱ्याचं तेल उशीला लागतं, म्हणून ती रोज सौम्य साबणाने धुवावी.

पोटात हवा जाणं, ढेकर, सकाळी फुगलेलं पोट: सीपॅपवर हा त्रास असणाऱ्यांना ईपॅप खाली आल्याने बरेचदा आराम पडतो. नव्याने सुरू झाला तर आयपॅप जास्त आहे किंवा फार वेळ टिकतोय.

एका धोक्याकडे मात्र पूर्ण लक्ष हवं. पीएस वाढला की श्वास खोल होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो एका पातळीखाली गेला की मेंदू श्वासाचा आदेश द्यायचा थांबतो. घसा उघडा, पण श्वासच नाही. अहवालात हे प्रसंग सेंट्रल किंवा क्लिअर एअरवे म्हणून दिसतात. व्हीऑटोत राखीव श्वासगती नाही, म्हणजे अशा वेळी ते आपणहून श्वास देत नाही. हे प्रसंग वाढले तर पीएस कमी करून पाहतात, नाहीतर दुसऱ्या प्रकारचं यंत्र लागतं. त्यातलं एएसव्ही (दर श्वासागणिक आधार आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र) मात्र हृदय कमजोर असणाऱ्यांसाठी घातक ठरू शकतं. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात, डाव्या कप्प्याची उत्सर्जन क्षमता ४५ टक्के किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया (मेंदूकडून आदेश न आल्याने थांबणारा श्वास) असलेल्या रुग्णांत एएसव्हीवर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. यंत्र बदलण्याआधी हृदयाची इको तपासणी झालीच पाहिजे.

पाण्याची टाकी ३८० मिलिलिटरची आहे आणि डिस्टिल्ड पाणी भरणं उत्तम. टाकी नीट खटकन बसली नाही तर हवा तिथूनच गळते आणि दोष मास्कवर जातो. गरम नळी मूळ मांडणीत २७ अंशांवर असते. नळीत थेंब साचले तर ती दोन-तीन अंश वाढवावी, वर कापडी गवसणी घालावी आणि यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवावं. एअरसेन्स ११ ची गरम नळी या यंत्राला चालत नाही, सुटे भाग घेताना एवढं पाहावं. टाकी आठवड्याला सौम्य साबणाने धुवायची, क्षार दिसले तर एक भाग व्हिनेगरला दहा भाग पाणी. गाळणी धुण्यासाठी नसते, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांत बदलायची. ओझोनने साफ करणारी पेटी वापरू नये.

यंत्रात बॅटरी नाही. वीज गेली की पंखा थांबतो. फुल फेस मास्कमधली झडप उघडून बाहेरची हवा आत येते, म्हणून ती झडप अडकलेली नाही ना हे रोज पाहावं. बाहेरची बॅटरी जोडली तर पाणी तापवणं आणि नळी गरम करणं बंद ठेवावं, सर्वाधिक वीज तिथेच जाते.

सीपॅपवर ८-९ च्या दाबात शांत झोपणाऱ्याने, ज्याचा एएचआय (तासाला श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग) ५ च्या खाली आहे, त्याने हे यंत्र घेण्याचं कारण नाही. वरच्या दाबावर श्वास सोडताना थकणाऱ्यासाठी मात्र ते मोठा दिलासा आहे, आणि त्यातले वेळेचे बारकावे बदलता येतात हीच त्याची खरी ताकद. त्रुटी एवढीच जाणवते की हे बारकावे वापरणाऱ्याच्या पडद्यावर दिसतच नाहीत. त्यावर उपाय एसडी कार्डाचा: ते पहिल्या रात्रीपासून खाचेत असू द्यावं. ऑस्कर या मोफत संगणक-प्रणालीत त्यातला श्वासागणिक आलेख उघडतो. दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाताना कार्ड सोबत न्यावं, आणि ज्या रात्री श्वास तुटल्यासारखा वाटला त्या रात्रीची तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहून ठेवावी.