परड्यातली रानफुलं : नऊ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या गडबडीतच, परड्यातला गुंठाभर तुकडा फुलपाखरं-पक्ष्यांसाठी रानफुलांना दिला. आता फेब्रुवारी आहे. काय टिकलं, काय वाया गेलं ते लिहिते. घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. जांभ्यावर जेमतेम वीतभर माती.

सुरुवात चुकली. साडेतीनशे रुपयांचं ‘देशी रानफुलांचं’ बी ऑनलाइन मागवलं. निघालं कॉसमॉस आणि झिनिया, दोन्ही मूळची मेक्सिकोची! पहिल्या मोठ्या पावसात निम्मं बी उतारावरून वाहून गेलं, उरलेली रोपं जुलैत कुजली. पाकिटावर ‘देशी’ छापलेलं असल्याने फार राग आला.

मग पाखाडीच्या कडेचा तेरडा मुळासकट आणून लावला. पावसात तो लगेच धरतो. यंदा तेरड्याची गौर आमच्याच परड्यातून घरात आली. टाकळा आणि कुर्डू तर आपणहून उगवले, मी फक्त बेणले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, “परड्यात रान माजवलंस गो!” टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या दाखवल्या, तेव्हापासून भाजीसाठी कोवळा पाला खुडतानाही त्या आधी पान निरखून बघतात.

सगळ्यात जास्त दिलं ते खुळखुळ्याच्या झुडपांनी. पिवळी फुलं दिवाळीच्या सुमारास भरात होती, पण खरी गर्दी झाली शेंगा सुकल्यावर. सकाळी नऊच्या उन्हात निळ्या ठिपक्यांची ब्लू टायगर फुलपाखरं शेंगांना लगडलेली. मध नसताना इथे काय करतात, याचा उलगडा नंतर झाला. बहुतेक नरच असतात. सुकलेली पानं-शेंगा खरवडून त्यातली कडू द्रव्यं शोषतात आणि त्यांपासून मादीला ओढणारा गंध तयार करतात. म्हणून सांगते, सुकलेलं झाड उपटू नका. मी पहिली दोन उपटली होती, त्याची हळहळ अजून आहे.

गडग्याजवळची रुई प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्यांनी पार बोडकी केली. महिन्याभरात पुन्हा फुटली. पपनसावर फवारणी थांबवल्यावर राणी पाकोळीही आली, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. गवत न कापता ठेवलं, तिथे मुनियांचे थवे उतरतात.

अडचणीही आहेत. पावसाळ्यात पायवाट रोज मोकळी ठेवावी लागते, विंचू-सापाची भीती असतेच. कळलावी दिसायला देखणी, पण कंद विषारी, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुंपणापलीकडेच ठेवली. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, तरी लावू नका. ती बाहेरून आलेली आणि बाकी काही उगवू देत नाही.

खुळखुळ्याच्या शेंगा बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवल्यात. विहिरीकडचा तुकडा यंदा त्यांच्यासाठी मोकळा केलाय.