दार्जिलिंगचं एचएमआय म्युझियम: नुसतं झू बघून परत फिरू नका

टूरवाल्यांच्या लिस्टमध्ये "झू आणि एचएमआय" असं एकत्रच असतं, तिकीटही एकच, मग होतं काय की सगळी जनता रेड पांडापाशी अडकते आणि चढ चढून वर म्युझियमला पोचेपर्यंत गाडीवाल्याचे फोन सुरू. आमच्या टूर मॅनेजरने (कंपनीचं नाव राहू दे) दोन्ही मिळून जेमतेम तास दिला होता. मी घरच्यांना सांगितलं तुम्ही व्हा पुढे चहाच्या मळ्यात, मी येतो टॅक्सी करून.

एचएमआय म्हणजे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, तेनसिंग-हिलरी एव्हरेस्टवर गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1954 ला, नेहरूंच्या पुढाकाराने सुरू झालेली. तेनसिंगचं सामान, बाहेर त्यांची समाधी, हिटलरने नेपाळच्या महाराजांना दिलेली दुर्बीण, हे सगळं तुम्हाला गाईड दाखवतोच. मी मात्र डोक्यात कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार घेऊन गेलो होतो. कुमाऊं रेजिमेंटचा माणूस आणि याच इन्स्टिट्यूटचे एकेकाळचे प्रिन्सिपल. 'बुल' नाव कॅडेट असताना बॉक्सिंगमध्ये पडलं, सीनिअर असलेल्या रॉड्रिग्जशी भिडले, मॅच हरले पण नाव चिकटलं ते कायमचं (ते रॉड्रिग्ज पुढे आर्मी चीफ झाले!).

जुन्या मोहिमांचे बूट, कुऱ्हाडी, ऑक्सिजनचं सामान ठेवलंय तिथे सावकाश थांबा. आपण सह्याद्रीत हजारो रुपयांचे शूज घालून जातो आणि वर ओले झाले म्हणून कुरकुरतो, आणि ही मंडळी असलं जड चामडं घालून बर्फात रात्री काढायची. 1960 च्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेत कुमार 28,300 फुटांपर्यंत गेले, शिखर अगदी डोक्यावर, आणि हवा बिघडली म्हणून परत फिरले. पुढच्या वर्षी नीलकंठ शिखरावर फ्रॉस्टबाइटने पायाची चार बोटं गेली. दुसरा कुणी असता तर ऑफिसात टेबल धरून बसला असता, यांनी 1964 ला नंदादेवीची मोहीम लीड केली, 1965 च्या एव्हरेस्टला डेप्युटी लीडर होते, आणि 1977 ला कांचनजंगा सिक्कीमच्या बाजूने, ईशान्येच्या धारेवरून, जिथून जर्मन टीम 1929 आणि 1931 ला हात टेकून परत गेली होती तिथून आर्मीची टीम वर पोचवली.

आणि मग सियाचेन. साधारण 76 किमी लांब, ध्रुवीय प्रदेश सोडले तर जगातल्या सगळ्यात लांब ग्लेशियरपैकी एक, आणि ध्रुवांसारखा प्रचंड बर्फ, म्हणून त्या भागाला तिसरा ध्रुवही म्हणतात. परदेशी नकाशात तो पाकिस्तानात दाखवलेला बघून कुमार थेट वरच्या साहेबांकडे गेले, 1978 ला आणि परत 1981 ला टीम घेऊन ग्लेशियरवर चढले, नकाशे-फोटो आणले आणि 1984 च्या ऑपरेशन मेघदूतला (आपल्या लष्कराने सियाचेन ताब्यात घेतलं ती मोहीम) तीच माहिती कामी आली. तिथल्या एका तळाला आज कुमार बेस म्हणतात. 2020 च्या 31 डिसेंबरला ते गेले, तेव्हा आपण बहुतेक सगळे थर्टी फर्स्टच्या नादात, बातमी कुठे वाचली!

तर म्युझियमला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जाण्याआधी या माणसाबद्दल थोडं वाचून जा, नाहीतर काचेमागचे बूट म्हणजे नुसते जुने बूट. गुरुवारी बंद असतं, सकाळी लवकर जा, आकाश साफ असेल तर कांचनजंगाही दिसतं, आणि टूरवाल्याकडून दोन तास आधीच मागून घ्या, शालीच्या दुकानातले कापा हवं तर.